तिसऱ्या पाटीवरचा बाण

नाना घरत वारला त्याला आता वर्ष होईल. पेणच्या काही व्यापाऱ्यांनी त्याच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढली. "तू अकरा वर्षं त्याच्या हाताखाली होतास, तू लिहायलाच पाहिजेस," असं म्हणून माझ्याकडून एक पान लिहून घेतलं. मी लिहून दिलं. कष्टाळू, दूरदृष्टीचा, अनेकांच्या धंद्याला दिशा देणारा, असं बरंच. छापून आल्यावर बायकोने ते वाचलं आणि पुस्तिका टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवून दिली. तिला सगळं ठाऊक आहे. तेव्हापासून ते पान मला टोचतं आहे, म्हणून राहिलेलं इथे लिहितो. तोंडावर मी नानाला अकरा वर्षं अहोजाहो केलं. लिहिताना माझ्याने ते होत नाही.

नाना दुकानांच्या पाट्या करायचा. एसटी स्टँडच्या मागे त्याचं दुकान होतं. पुढे फ्लेक्स छापायचं मशीन, त्याच्या बाजूला रंगीत स्टिकर कापायचं मशीन आणि मागच्या पडवीत लोखंडी चौकटींचं वेल्डिंग. मी कॉम्प्युटरवर बसून अक्षरं मांडायचो. वडखळपासून रोह्यापर्यंत आणि तिकडे कोलाडच्या फाट्यापर्यंत, ज्याने नवीन दुकान टाकलं किंवा ज्याचं जुनं चालेनासं झालं, तो नानाकडे यायचा. नाना त्याचं सगळं ऐकून घ्यायचा. माल कसा आहे, भाव काय आहे, वागणूक कशी आहे, यातलं तो काही विचारायचा नाही. शेवटी एकच निदान असायचं. "तुमचं सगळं बरोबर हाय, शेट. बोर्ड लहान पडतोय."

त्याच्या स्वतःच्या दुकानावर पाटी नव्हती. कुणी विचारलं तर म्हणायचा, "डॉक्टर कधी स्वतःला सुई टोचून घेतो काय?" लोक हसायचे. मीही पहिली दोन वर्षं हसलो.

माणूस दिसायला नेटका. पांढरा बुशशर्ट, खिशात मापाची टेप, तोंडात बडीशेप. मोटारसायकलवर मला मागे बसवून फिरायचा आणि दोन्ही बाजूंच्या पाट्या मोठ्याने वाचत जायचा, प्रत्येकीवर शेरा मारत. "अक्षर बारीक. मेला. हिरव्यावर निळं. मेला. देवाचा फोटो मध्ये, नाव कोपऱ्यात. हा तर आईच्या पोटातच मेला." रस्त्यावरच्या निम्म्या धंदेवाल्यांना तो असा रोज मारायचा आणि संध्याकाळी त्यांच्याकडेच चहा प्यायचा.

त्याला काही येत नव्हतं असं म्हणायची मात्र सोय नाही. तसं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. कोलाडला एका चहाच्या टपरीपुढे प्लास्टिकची खुर्ची टाकून तो तास तास बसायचा आणि जाणाऱ्या गाड्यांमधल्या माना बघायचा. गाडी कुठे हळू होते, पुढे बसलेल्या बाईची मान कधी वळते, मागची पोरं कुठल्या बाजूला बघतात. मग उठून रस्त्याच्या कडेला खडूने फुली मारायचा आणि म्हणायचा, "खांब इथं." तो खांब खरोखरच सगळ्यांना दिसायचा. हायवेवरच्या साऱ्या पाट्या मुंबईहून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून असतात, हे त्याला वेडेपणाचं वाटायचं. "जाणारा माणूस खात जातो. परत येणारा घेऊन जातो. पापड, कोकम, मासे विकायचे असतील तर पाटीचं तोंड कोकणाकडं पाहिजे." पापड विकणाऱ्या कितीतरी जणांना हे सुचलेलं नव्हतं.

आणि बाण. प्रत्येक पाटीवर बाण हवाच, हा त्याचा धर्म होता. पत्ता मात्र लिहू द्यायचा नाही. "गाडीतला माणूस पत्ता वाचत नाय. नाव वाचतो आणि बाण बघतो. अमुक आळी, तमुक देवळाजवळ, ते पोस्टमनसाठी." एका निवडणुकीच्या दिवसांत कुणीतरी, ही पक्षाची निशाणी असेल या संशयाने, त्याच्या सगळ्या बाणांवर वर्तमानपत्राचे कागद चिकटवले. नाना आठ दिवस घरात दुखणं आल्यासारखा हिंडत होता.

ही अक्कल त्याने कशी वापरली ते सांगतो. कोलाडजवळ दोन चुलतभावांची रस्त्याच्या दोन बाजूंना मिसळीची हॉटेलं होती. नानाने धाकट्याला पाटी करून दिली, 'मूळ मिसळ'. पाटी लावून हात धुतले आणि त्याच दुपारी रस्ता ओलांडून थोरल्याकडे गेला. "तुमच्या समोर मूळ लागलंय. तुम्ही काय करणार?" थोरल्याने 'जुनी व मूळ मिसळ' केली. पंधरा दिवसांनी धाकट्याने 'एकमेव जुनी व मूळ'. अक्षरं मी मांडत होतो. प्रत्येक वेळी पाटी दोन फूट वाढायची. शेवटी दोन्ही हॉटेलं पाट्यांच्या मागे गेली. रस्त्यावरून फक्त मजकूर दिसायचा, आणि नवखा ड्रायव्हर टपरीवाल्याला विचारायचा, "इकडं कुठं खायला मिळतं काय?"

रोह्याला एक शिंपी होता, बायकांचे कपडे शिवणारा. बुजरा माणूस, मान वर करून बोलायचा नाही. नानाने त्याला पटवलं की पाटीवर मालकाचा फोटो पाहिजे. शिंप्याकडे सूट नव्हता. मी त्याचं डोकं कापून दुसऱ्याच कुणाच्या सुटावर बसवलं, आणि नानाच्या सांगण्यावरून टकलावर केस भरले. आठ फुटी फोटो लागला. त्यानंतर बायका दुकानात शिरायच्या आणि शिवणयंत्रावर बसलेल्या त्यालाच विचारायच्या, "शेट कुठं हायत?" तो म्हणायचा, "बाहेर गेलेत." हे त्यानेच मला सांगितलं, खाली बघून. मी नानाला सांगितलं तर नाना इतका हसला की बडीशेप घशात अडकली.

तेव्हा मी नोकरी सोडायला हवी होती. सोडली नाही. घरापासून जवळ होतं, सावलीतलं काम होतं. आणि खरं सांगायचं तर कॉम्प्युटरवर बसलं की पाटीच्या खाली बसणारा माणूस दिसत नाही.

आता कमळाबाई.

पेणमधल्या एका आळीत घराच्या पडवीत त्या पोह्याचे पापड करायच्या. नवरा खाडीकडच्या मिठागरावर कामाला होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. चार बाया हाताशी. पीठ कुटायचं काम मात्र शेवटपर्यंत त्यांनी कुणाला दिलं नाही. मी मापं घ्यायला गेलो की लाटी तेलात बुडवून हातावर ठेवायच्या. "खा रे दिलीपा. शाळेत असल्यावानी बघतो काय?" मी त्यांना मावशी म्हणायचो. आळीतली गिऱ्हाइकं ठरलेली होती, पण चार बायांना बारा महिने पुरेल एवढी नव्हती. म्हणून त्या नानाकडे आल्या.

नानाने त्यांच्यासाठी चार पाट्या केल्या. पिवळ्यावर लाल अक्षरं, 'कमळाबाईंचे पोह्याचे पापड', आणि खाली बाण. नागोठण्याकडून पेणकडे येणाऱ्या रस्त्यावर थोड्या थोड्या अंतराने तीन, त्यांचे बाण सरळ. चौथी पेणच्या वळणावर, आळीकडे बोट दाखवणारी. कोकणातून परतणारी गाडी तीन वेळा नाव वाचायची आणि चौथ्या वेळी वळायची. पहिल्याच मे महिन्यात आळीत गाड्यांची रांग लागली. मावशींनी नानाच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. मी तेव्हा नानाबद्दल जे मनात म्हटलं ते इथे लिहिणं भाग आहे. मी म्हटलं, माणूस बदमाश आहे, पण देव आहे.

पुढच्या वर्षी मावशींनी आणखी दोन बाया घेतल्या आणि फाल्गुनापासून लाटायला सुरुवात केली. पत्र्याचे डबे एकावर एक पार आढ्यापर्यंत लागले. पापडाचं गणित साधं असतं. मे महिन्यात गेला तर गेला. पावसाळी हवा लागली की तो मऊ पडतो, वास धरतो, आणि सहा बायांची तीन महिन्यांची मेहनत कुजते.

त्याच एप्रिलमध्ये तिसऱ्या पाटीच्या पुढे, रस्त्याच्या डाव्या हाताला एकाने हॉटेलची शेड टाकली. तो नानाकडे दोनदा येऊन गेला. एका सकाळी नाना माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "एक बाण काप. लाल. डावीकडचा."

मी विचारलं, "कुठल्या पाटीचा?"

"कमळाबाईच्या तिसऱ्या."

"तिचं दुकान तर पेणला आहे, नाना."

"ठाऊक हाय मला. हॉटेलवाला पापड ठेवतोय. येणाऱ्याला पापड पाहिजे, त्याला पापड मिळेल."

"पण नाव तिचं आहे."

नाना माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत राहिला. "पत्रा माझा, खांब माझा, रंग माझा. ते नाव रस्त्यावर कुणी उभं केलं? कमळाबाई या तालुक्यात शंभर असतील. त्यातली कोणची, हे बाण ठरवतो. काप."

मी कापला. संध्याकाळी जाऊन मीच चिकटवला. चौथी पाटी नानाने आणली आणि "रंग उडालाय, नवीन करू" म्हणून पडवीत ठेवून दिली.

हे सगळं इतकं उघड्यावर होतं की कुणाला वाटेल, मावशींना दुसऱ्याच दिवशी कळलं असेल. पण मावशी त्या रस्त्याने कधी जात नव्हत्या. घर, गिरणी, बाजार, फार तर पायी स्टेशन. आपल्या पाट्या त्यांनी आमच्या दुकानात जमिनीवर ठेवलेल्या तेवढ्या पाहिल्या होत्या. खांबावर चढलेल्या कधीच नाहीत. नानाला हे माहीत होतं. मलाही माहीत होतं.

मे अर्धा झाला. आळीत गाडी आली नाही. मावशी दुकानात आल्या, पदराने मान पुसत बाकावर बसल्या.

"नाना, औंदा काय झालं वो? मानसांनी पापड खायचे सोडले काय?"

नाना गंभीर झाला. हे गंभीर होणं त्याला फार छान जमायचं. "मावशी, रस्त्यावर बोर्ड वाढलेत. तुमची अक्षरं लहान पडतात."

"माझ्या पापडात तर काय चुकत नाय ना? हिंग बदललं यंदा. मला वाटलं त्याचा वास नसंल आवडला मानसांना."

"नाय वो. पापडाला कोण नाव ठेवणार? बोर्ड मोठा करा. एक मोठा, पयल्या जागेवर."

म्हणजे नाव आणखी लांबून दिसेल आणि आणखी गाड्या त्या शेडकडे वळतील. नाना हे त्या बाईलाच विकत होता. ती हो म्हणाली. उठताना माझ्या टेबलापाशी थांबली.

"दिलीपा, तू जातोस ना त्या रस्त्यानं? पाटी दिसते ना रं माझी?"

मी म्हणालो, "दिसते की, मावशी. लांबून दिसते."

अकरा वर्षांत मी पुष्कळ खोटं मांडलं. मूळ, जुनी, एकमेव. ते सगळं मी नानाच्या नावावर टाकू शकतो. हे एक वाक्य कुणाच्या नावावर टाकता येत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रोह्याला मावशींच्या भाचीचं लग्न होतं. येताना वऱ्हाडाच्या जीपमध्ये त्यांना पुढे बसवलं. नागोठणं सोडल्यावर नवीन मोठी पाटी आली. मावशी अक्षराला अक्षर लावून वाचायच्या. त्यांनी वाचलं आणि मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "बघा गो, मी." जीपमधल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी आली, पुन्हा टाळ्या. तिसरीला ड्रायव्हरने गाडी हळू केली. "मावशी, बाण डावीकडं हाय. तुमचं दुकान इथं हाय काय?"

त्या उतरल्या. शेडमध्ये टेबलावर पापडांच्या पुड्यांचा ढीग होता आणि दोन गाड्यांतली माणसं घेत होती. विकणारा पोऱ्या त्यांनाही म्हणाला, "घ्या आजी, कमळाबाईंचे हायत. पेणचे फेमस." त्यांनी एक पुडा घेतला. पैसे मोजून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो पुडा आमच्या काउंटरवर ठेवला आणि हे सगळं सांगितलं, कुणा तिसऱ्याच बाईची हकीकत सांगावी तसं. मग एक पापड काढला, मोडला आणि नानाच्या नाकापाशी धरला.

"तांदळाचं पीठ हाय यात. पोहा नावाला."

नाना म्हणाला, "मावशी, रागावू नका. तुमचं नाव तर घरोघरी पोचलं ना?"

"हा पापड माझं नाव घेऊन कुणाच्या ताटात गेला, तो मानूस माझ्या दारात परत येल काय?"

"पत्रा माझा हाय, मावशी," नाना हळू आवाजात म्हणाला. त्याला ते खरोखरच उत्तर वाटत होतं.

मावशींनी त्याच्याकडे पुन्हा पाहिलंही नाही. माझ्याकडे वळल्या. "बाण कुणी कापला?"

"मी."

"तू दिसते म्हणालास."

मी काउंटरवर पडलेले पापडाचे तुकडे गोळा करायला लागलो.

"मग तूच उतरव. सगळ्या. माझं नाव त्या रस्त्यावर नको."

पापडांचं काय झालं ते आधी सांगून टाकतो. सहाही बाया पिशव्या घेऊन पेण आणि रोह्याच्या कॉलन्यांमधून दारोदार फिरल्या. निम्मे डबे गेले. उरलेल्यांना हवा लागली, ते कुटून गुरांना घातले. नंतर घेतलेल्या दोघी त्या वर्षीच सुटल्या, पुढच्या वर्षी आणखी दोघी. त्यातली एक त्याच शेडमध्ये पुड्या भरायला लागली. मावशी अजून आहेत, आळीपुरते पापड करतात. भेटल्या तर बोलतात, घरच्यांची चौकशी करतात. लाटी देत नाहीत.

पाट्या उतरवायला मी, मावशी दुकानात येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो. नानाला विचारलं नाही. एका ओळखीच्याचा छोटा टेम्पो, शिडी आणि पाना. झिमझिम चालू होती. पहिली मोठी उतरवली, दुसरी उतरवली. तिसरीवर चढलो तेव्हा शेडमधला माणूस फोनवर बोलताना दिसला, आणि थोड्या वेळाने मोटारसायकल येऊन थांबली. डोक्यावर रुमाल बांधलेला नाना. गाडी स्टँडला लावून तो शिडीच्या पायथ्याशी उभा राहिला.

मी त्याला काय काय ऐकवायचं ते मनात जमवून ठेवलं होतं. शिंपी, मिसळवाले, मावशी, सगळं. तो ओरडायला लागला की मी सुरू करणार होतो.

नाना वर बघत होता. म्हणाला, "डावीकडचा नट आधी सोड. उजवा सोडलास तर पत्रा फिरून तोंडावर येईल."

मी डावीकडचा आधी सोडला.

पत्रा खाली आला तेव्हा त्याने खालची कड धरली आणि सावकाश जमिनीवर टेकवला. बाहीने पाणी पुसलं. मी चिकटवलेल्या बाणाचं टोक नखाने उचललं आणि ओढलं. बाण अर्धा सोलून निघाला. त्याच्या खालून आधीचा सरळ बाण दिसायला लागला.

"जुन्यावरच चिकटवलास," नाना म्हणाला. "आधी घासून काढायचा असतो. एवढी वर्षं शिकवलं तुला."

तो गेला. त्यानंतर तो बरीच वर्षं जगला, पेणमध्ये कुठे कुठे दिसायचा, पण मी कामावर परत गेलो नाही, आणि त्या दिसण्याला भेट धरत नाही. मी पावसात तो पत्रा धरून उभा होतो. मावशींची आठवण यायला हवी होती. ती नंतर आली. आधी मला लाज वाटली ती एवढ्याचीच की चिकटवण्याचं काम मी कच्चं केलं होतं, आणि ते नानाने पाहिलं.